कुक्कूच्या पिल्लाची फसवी हाक

कोकिळेच्या कुळातील कुक्कू पक्ष्याची मादी रीड वॉर्बलर या चिमुकल्या पक्ष्याच्या घरट्यात अंडे घालते. अंड्यातून बाहेर आलेले तिचे पिल्लू यजमानाची अंडी व पिल्ले घरट्याबाहेर ढकलून देते. तरीही यजमान दांपत्य या एकट्या पिल्लाला चार पिल्लांइतके अन्न भरवते. यामागील कारण केम्ब्रिज विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ निक डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्पष्ट केले.

त्यांनी रीड वॉर्बलरच्या घरट्यात कुक्कूच्या पिल्लाएवढे कस्तूर पक्ष्याचे पिल्लू ठेवले. त्याला कमी अन्न मिळाले. मात्र जवळच ध्वनिवर्धकावरून कुक्कूच्या पिल्लाची हाक ऐकवली असता यजमान अधिक अन्न आणू लागले. ही वेगवान हाक अनेक भुकेल्या पिल्लांच्या कलकलाटासारखी असते. यजमानाची स्वतःची पिल्ले नष्ट झालेली असतानाही त्यांच्यासाठीचे वात्सल्य या आवाजामुळे परक्या पिल्लाच्या वाट्याला येते.