दिनारिअस, दाम आणि दिनार

आपण ज्या दिनारात पगार घेतो, घरभाडे भरतो आणि गावी पैसे पाठवताना ज्याचा भाव दिवसातून दोनदा पाहतो, तो शब्द मुळात अरबी नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. तो आला रोमहून. रोमच्या प्रजासत्ताकाने इसवी सनापूर्वी २११ च्या सुमारास 'दिनारिअस' नावाचे चांदीचे नाणे पाडले. दिनारिअस म्हणजे 'दहाचे', कारण प्रारंभी ते 'आस' या दहा नाण्यांच्या बरोबरीचे होते. पुढे हा शब्द पूर्वेकडे आला. गुप्तकालीन शिलालेखांत सोन्याच्या नाण्याला 'दीनार' म्हटले आहे, आणि खलिफा अब्द अल-मलिकने सातव्या शतकाच्या अखेरीस पाडलेले सोन्याचे नाणेही दिनारच. दुसरा असाच प्रवासी म्हणजे ग्रीकांचा 'द्राख्मा'. त्याचा इकडे दिरहम झाला आणि आपल्याकडे 'द्रम्म' होऊन शेवटी 'दाम' उरला. 'दाम करी काम' म्हणताना आपण नकळत थोडे ग्रीक बोलत असतो!

शुवैखच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या शुक्रवारच्या बाजारात काय किंवा मुंबईच्या चोरबाजारात काय, जुन्या वस्तूंत नाण्यांची थाळी दिसली की माझी पावले थबकतात. माझा हा छंद माहीत असलेले मित्र दोनच प्रश्न विचारतात: "हे खरे आहे का?" आणि "याची किंमत काय?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी पाहू, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. नाण्याची किंमत नेमकी कशात असते? धातूत, छापात, की आणखी कशात?

प्रथम धातू. ऑगस्टस आणि टायबेरिअस या सम्राटांचे दिनारिअस जवळजवळ शुद्ध चांदीचे, पावणेचार ग्रॅमच्या आसपासचे असत. मिरी, मलमल आणि रत्नांच्या बदल्यात ते मोठ्या प्रमाणावर भारतात आले. भारतामुळे साम्राज्याचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. चार सेस्टर्सचा एक दिनारिअस, म्हणजे सव्वा कोटी दिनारिअस झाले. इसवी सन ६४ मध्ये नीरोने एका रोमन पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला सुरुवात केली आणि चांदीतही भेसळ वाढवली. भारतात सापडणारे चांदीचे रोमन साठे बहुतांशी ऑगस्टस आणि टायबेरिअस यांच्याच नाण्यांचे आहेत. जुने चोख नाणे कोणते हे आपल्या व्यापाऱ्यांना बरोबर कळत होते, असा याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

धातू तपासण्याची आर्किमिडीजची रीत आजही घरी करता येते. नाणे आधी हवेत तोलायचे, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलायचे. ३.७० ग्रॅमचे नाणे शुद्ध चांदीचे असेल तर पाण्यात वजन सुमारे ०.३५३ ग्रॅमने घटते, आणि वीस टक्के तांबे असेल तर सुमारे ०.३६५ ग्रॅमने. फरक अवघा बारा मिलिग्रॅमचा, म्हणून काटा मिलिग्रॅम दाखवणारा हवा. मात्र ही परीक्षा खोटे नाणे पकडते, खरेपणाचा दाखला देत नाही. आजच्या चांदीत ओतलेली नक्कलही या परीक्षेत उत्तीर्ण होते! म्हणून कडेवर साच्याची रेघ आहे का, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे आहेत का, हे भिंगाखाली पाहावे. एकाच थाळीत तंतोतंत सारखी दोन नाणी दिसली, ओरखडेसुद्धा त्याच जागी, तर हात आखडता घ्यावा. जुनी नाणी हातोड्याच्या घावाने पाडली जात, त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणीही हुबेहूब सारखी नसतात.

आता छाप. यासाठी नाशिकला जावे लागेल. क्षहरात क्षत्रप नहपानाच्या काळात भडोच बंदरात रोमन नाणी फायद्यात बदलली जात, असे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनावरून दिसते. त्यातलीच चांदी वितळवून नहपानाने आपली नाणी पाडली असावीत, असा एक तर्क आहे. त्या नाण्यांवर राजाचा मुखवटा आहे, आणि लेख ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. त्याचा जावई उषवदात याचा पांडवलेण्यातील लेख तर आपल्यासारख्या नोकरदारांनी वाचावा असा आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. वर्षाचे व्याज २४०, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब चोख! ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, हा दरही तिथे कोरला आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. आता चलनातल्या शत्रूच्या नाण्यांचे काय करायचे? १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यात उत्तर मिळाले. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले चैत्य आणि उज्जैन चिन्ह नुसते वरून ठोकले होते. चांदी तीच, वजन तेच, सत्ता मात्र बदललेली.

कुवेतकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९६१ पर्यंत इथे रुपयाच चालत होता, शेवटची दोन वर्षे रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला खास रुपया. दिनार आला तेव्हा एका दिनाराला सव्वातेराहून किंचित जास्त, म्हणजे १३⅓ रुपये असा दर होता. १९९० च्या आक्रमणात इराकने कुवेती दिनार रद्द केला, आणि मुक्तीनंतर मार्च १९९१ मध्ये कुवेतने नव्या नोटा काढून जुन्या बाद केल्या. नहपानाच्या प्रजेकडे निदान चांदी तरी उरली. कागदाच्या बाबतीत छाप गेला की सारेच गेले. त्या दिवसांत इथे असलेल्या कुटुंबांना नाण्याचे अर्थशास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही.

राहिली तिसरी गोष्ट: नाणे सापडले कुठे आणि कशाबरोबर. माझ्या मते खरी किंमत यातच आहे. जोगलटेंभीचा साठा सापडल्याबरोबर एकेक करून सराफाच्या मुशीत गेला असता, तर नहपान आणि गौतमीपुत्र एकमेकांचे समकालीन होते याचा एवढा भक्कम पुरावा आपल्या हाती राहिला नसता. सुटे नाणे सुंदर असते, पण मुके असते, साठा बोलतो. इथल्या फैलका बेटावर डॅनिश उत्खननात मिळालेली अलेक्झांडरच्या धर्तीची चांदीची नाणीही जागेवर सापडली, म्हणूनच त्यांनी इतिहास सांगितला.

कायद्याचाही हाच हेतू आहे. भारतात १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजीच्या डब्यातले जुने नाणे 'आठवण' म्हणून बॅगेत टाकण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. संग्रह करायचाच, तर कागदपत्रे देणाऱ्या, नाणे कुठून आले हे सांगणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. "कालच शेतात सापडले" असे कोणी कानात सांगितले, तर ते खोटे असो वा खरे, दोन्ही कारणांनी सोडून द्यावे.

शिवाय छंदासाठी विकत घेतलेच पाहिजे असे थोडेच आहे? सुट्टीत नाशिकला गेलात तर मुलांना पांडवलेणी दाखवा आणि त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेचे संग्रहालयही पाहा. व्याजाचे ते गणित मुलांनाच सोडवू द्या. दोन हजारांचे दरमहा शेकडा एकने वर्षाचे किती, हे सातवीतला मुलगाही सांगेल. पण ते उत्तर डोंगरातल्या दगडावर त्याच्या आधी कोणीतरी लिहून ठेवले आहे, हे पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल, त्याला कोणत्याही चलनात मोल नाही.