ओकी बेटावरील संपादक

राजांच्या कर्तृत्वाचा हिशेब बहुधा जिंकलेल्या मुलखावरून मांडिला जातो. जपानचा सम्राट गो-तोबा (११८०–१२३९) याचा हिशेब तसा मांडू गेल्यास हाती काहीच लागत नाही. तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ज्यांच्याकडे आवर्जून वळावे अशा राजांत आम्ही त्याची गणना करतो.

११८३ साली तो गादीवर आला तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता. तायरा कुळाने आधीच्या बालसम्राटासह राजचिन्हेही पळविली असल्यामुळे त्याचे राज्यारोहण त्या चिन्हांवाचूनच उरकावे लागले. पुढे खरी सत्ता कामाकुरा येथील लष्करी शासनाकडे गेली. ११९८ मध्ये त्याने पुत्रास गादी दिली. परंतु निवृत्त सम्राटाने पडद्याआडून दरबार चालवावा, ही तेथील रूढीच होती.

१२०१ साली त्याने काव्यकचेरी स्थापिली आणि ‘शिन-कोकिन-शू’ या काव्यसंग्रहाचे काम फुजिवारा तेइकाप्रभृती कवींवर सोपविले. सोपविले म्हणायचे एवढेच. राजा स्वतःच प्रत्येक कवितेवर नजर ठेवून होता! १२०५ मध्ये समाप्तीचा सोहळा झाला, तरी कविता काढणे-घालणे पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. तेइकाने रोजनिशीत याविषयी कुरकुर केली आहे. क्रमिक पुस्तकांसाठी वेचे निवडण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांस ती परकी वाटणार नाही.

१२२१ मध्ये गो-तोबाने कामाकुराच्या होजो योशितोकीविरुद्ध फर्मान काढिले. सुमारे महिन्याभरात क्योटो पडले आणि त्याची रवानगी दूरच्या ओकी बेटावर झाली. उरलेली अठरा वर्षे त्याने तेथेच काढली.

या हद्दपारीत त्याने तोच संग्रह पुन्हा हाती घेतला. सुमारे १,९८० कवितांपैकी जवळजवळ चारशे त्याने गाळिल्या. इतक्या कवितांत सर्वच सरस कशा असणार, आणि आपल्या स्वतःच्या तिसांहून अधिक कविता आपण घेतल्या हे योग्य झाले काय, अशी रुखरुख त्यास लागली होती. तोंडपुजे दरबारी भोवती असताना हा प्रश्न त्यास पडला नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच्या काव्यविषयक टिपणांतही तेइकाच्या प्रतिभेची मुक्त प्रशंसा आहे आणि त्याच्या हेकेखोरपणावर रागही आहे.

रसिकांनी मात्र राजाची ही कात्री मानिली नाही. संग्रह मूळच्या विस्तृत रूपातच प्रचलित राहिला. तेइकाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या शंभर कवींच्या शंभर कवितांच्या संग्रहात नव्व्याण्णवावी कविता गो-तोबाची आहे. नववर्षाच्या दिवसांत जपानी घरांतून त्या कवितांच्या पत्त्यांचा खेळ मांडतात, तेव्हा तिचाही पत्ता त्यांत असतो.