खटल्यांच्या कागदांतून उभा राहिलेला इतिहास

छत्रपती संभाजीनगरचे नाटककार अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये रंगभूमीवर आले. अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाचा विषय होता रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांच्या मासिकावर भरण्यात आलेले अश्लीलतेचे खटले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी विचारलेल्या खासगी प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे सरकारला आक्षेपार्ह वाटली होती. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, असे मानता येणार नाही, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. समलैंगिकतेच्या इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ते तेथे सुरू होते. ज्या विषयावर उघडपणे बोलणेच निषिद्ध होते, त्याविषयी १९३० च्या दशकातील माणसे काय विचारत होती, याचा पुरावा या खटल्याने मागे ठेवला आहे. अशा पुराव्यांतून इतिहास लिहिण्याची रीत गेल्या अर्धशतकात घडली आणि ती घडविणाऱ्यांत ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जेफ्री वीक्स यांचे नाव प्रथम घेतले जाते.

खाणकामगारांच्या खोऱ्यातून

वीक्स यांचा जन्म १९४५ चा, वेल्समधील ऱ्हॉन्डा या कोळसा खाणींच्या खोऱ्यातला. लंडनमध्ये त्यांनी इतिहासाचे शिक्षण घेतले. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधील समलिंगी संबंध हा सरसकट गुन्हा होता. त्या वर्षीच्या कायद्याने २१ वर्षांवरील पुरुषांना खासगीत तेवढी मोकळीक दिली. १९७० मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे समलिंगी मुक्ती आघाडीच्या सभा सुरू झाल्या आणि वीक्स त्या चळवळीत दाखल झाले. चळवळीला आपला पूर्वेतिहास हवा होता, पण तो लिहिलेला नव्हता. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कमिंग आउट’ या ग्रंथात वीक्स यांनी एकोणिसाव्या शतकापासूनचा ब्रिटनमधील समलिंगी चळवळीचा इतिहास मांडला.

ग्रंथ गाजला, तरी विद्यापीठातील स्थैर्य लगेच लाभले नाही. अनेक वर्षे अल्प मुदतीच्या नेमणुका आणि शैक्षणिक प्रशासनातील नोकरी करीत त्यांनी लेखन चालू ठेवले. १९९४ मध्ये लंडनच्या साउथ बँक विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सन्मानित केले. २०२१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

कृती आणि ओळख

वीक्स यांचे मुख्य प्रतिपादन समजण्यास सोपे, पण पचण्यास कठीण आहे. समलिंगी आकर्षण आणि संबंध सर्व काळांत आढळतात. मात्र ‘समलिंगी व्यक्ती’ ही स्वतंत्र ओळख इतिहासाच्या एका टप्प्यावर आकाराला आली, असे ते म्हणतात. समाजशास्त्रज्ञ मेरी मॅकिन्टॉश यांनी १९६८ मध्ये एका निबंधात या विचाराची दिशा दाखविली होती. वीक्स यांनी त्याला कागदपत्रांचा आधार दिला.

इंग्लंडमध्ये १५३३ च्या कायद्याने एका विशिष्ट कृतीला शिक्षा ठेवली होती. १८६९ मध्ये ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द जर्मन भाषेत छापला गेला. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कायद्याची व्याप्ती वाढून पुरुषांमधील सर्वच लैंगिक व्यवहार त्याच्या कक्षेत आले आणि १८९५ मध्ये त्याच कायद्याखाली ऑस्कर वाइल्ड यांना शिक्षा झाली. कायदा, वैद्यक आणि वृत्तपत्रे यांनी मिळून एका कृतीची ओळख बनविली. पुढे ज्यांच्यावर हा शिक्का बसला, त्यांनीच तो शब्द हाती घेऊन हक्क मागितले.

त्यामुळे या अभ्यासकाला दोन पथ्ये पाळावी लागतात. जुन्या काळातील माणसावर आजचा शब्द सरसकट चिकटवायचा नाही, हे पहिले. आजचा शब्द सापडत नाही म्हणून त्या काळी असे काही नव्हतेच, असा निष्कर्ष काढायचा नाही, हे दुसरे.

न मोजलेली माणसे

दुसरे पथ्य न पाळल्यास काय होते, याचे उदाहरण भारतातच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ केले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दीडशेहून अधिक वर्षांत, प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार, दोनशेहूनही कमी व्यक्तींवर या कलमाखाली खटले चालले, हा मुद्दा त्या निकालात नोंदविण्यात आला होता.

समाजशास्त्रज्ञ हा आकडा वेगळ्या रीतीने वाचेल. निकालपत्रांत केवळ पकडले गेलेले आणि वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोहोचलेले लोक दिसतात. कायद्याच्या धाकाने पैसे देऊन सुटलेला, लग्न करून गप्प बसलेला, गाव सोडून गेलेला माणूस त्यात दिसत नाही. कागदावर नसणे हीच अनेकदा त्या कायद्याची करामत असते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी २०१३ चा निकाल रद्दबातल ठरविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. इतिहासाची साक्ष न्यायालयात कशी उपयोगी पडते, हे अमेरिकेतही दिसले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये टेक्सास राज्याचा समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा रद्द करताना इतिहासकारांच्या ग्रंथांचे दाखले दिले होते.

विषयाची किंमत

या विषयाजवळ जाणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागल्याची उदाहरणे थोडी नाहीत. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ मध्ये मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. सलीम किडवई १९७७ मध्ये मॉन्ट्रियल येथे शिकत असताना समलिंगी पुरुषांच्या बारवरील पोलिसांच्या धाडीत पकडले गेले. पुढे दिल्लीत इतिहासाचे अध्यापन करून १९९३ मध्ये ते नोकरीतून बाहेर पडले आणि २००० मध्ये रूथ वनिता यांच्यासह ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. प्राचीन ते आधुनिक भारतीय साहित्यातील दाखले त्यात एकत्र आले.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. आर. राज राव यांनी या विषयावरील साहित्य वर्गात आणले. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यातून मराठीत सातत्याने लेखन केले.

अभ्यास सोडा, नुसते असणेही महाग पडू शकते, हे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या बाबतीत दिसले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकविणाऱ्या या कवीच्या घरात फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसे घुसली आणि निलंबन झाले ते सिरस यांचेच. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल येऊन अवघे नऊ महिने झाले होते. निकालाने कायदा बदलतो. शेजार, सहकारी आणि संस्था बदलण्याचा वेग वेगळा असतो. हा वेग मोजणे हेच समाजशास्त्राचे काम.

मराठीतील साधने

हे काम मराठवाड्यातील विद्यार्थ्यालाही अशक्य नाही. ज्या बाबासाहेबांनी १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू मांडली, त्यांनी स्थापन केलेले मिलिंद महाविद्यालय आणि त्यांच्या नावाचे विद्यापीठ याच शहरात आहे. ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या अखेरीपर्यंत निघत राहिले. उत्तरांसाठी कर्व्यांना दंड झाला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ते प्रश्न कोणी विचारले, कोणत्या शब्दांत विचारले आणि उत्तर मिळाल्यावर त्या माणसांनी पुढे आयुष्य कसे काढले, याचा शोध घेणे हे पुढच्या अभ्यासकाचे काम आहे.