घड्याळातली १७ माणकं: एक आकडा नक्की काय मोजतो?

आपल्याकडे बऱ्याच घरांत आजीचं किंवा आईचं चावीचं लेडीज घड्याळ जपून ठेवलेलं असतं. १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यांचं बायकांसाठीचं छोटं घड्याळ म्हणजे ‘सुजाता’. एचएमटीच्या अनेक चावीच्या घड्याळांवर ‘१७ ज्वेल्स’ असं लिहिलेलं असायचं. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "आत माणकं आहेत, विकू नका!"

माणकं खरंच असतात. पण त्यांना सोनाराकडे काही भाव मिळत नाही. असं का?

माणिक आत करतं काय?

घड्याळातलं बॅलन्स व्हील सतत मागे-पुढे फिरतं. जुन्या घड्याळांचा नेहमीचा वेग ताशी १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. त्याच्या आसाची टोकं जेमतेम केसाएवढी बारीक. ती पितळेच्या भोकात फिरली तर भोक झिजून लंबगोल होतं आणि वेळ चुकायला लागते. माणिक मोह्ज श्रेणीत ९ वर, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण. गुळगुळीत केलेल्या माणकाच्या भोकात घर्षण कमी आणि झीज जवळपास नाहीच. ही कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये १७०४ साली फातिओ आणि देबोफ्र बंधूंनी तिचं पेटंट घेतलं. लेडीज घड्याळात तर सगळंच लहान, स्प्रिंगची ताकदही कमी, त्यामुळे थोडंसं घर्षणही जड जातं.

आता १७ मोजूया:

- बॅलन्स व्हील: ४
- त्याला धक्का देणारी पिन: १
- पॅलेटची दोन टोकं: २
- पॅलेटचा आस: २
- एस्केप व्हील: २
- चौथं चाक: २
- तिसरं चाक: २
- मधलं चाक: २

प्रत्येक माणकाला काम आहे. शोभेचं एकही नाही.

मग भाव का नाही?

याचं उत्तर रत्नागिरीत राहून सांगायला मजा येते. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच नजरकैदेत होता. मोगोकच्या प्रसिद्ध माणिकखाणी त्याच्याच राज्यातल्या. तो इथे असतानाच, १९०२ साली, पॅरिसमध्ये ऑग्युस्त व्हेर्नॉय यांनी कृत्रिम माणिक बनवायची पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनाची भुकटी, त्यात किंचित क्रोमियम, आणि २,००० अंश सेल्सिअसच्या वरची ज्योत. थेंब थेंब साचून काही तासांत स्फटिक तयार! रसायन तेच, कठीणपणा तोच. दुर्मीळपणा मात्र संपला. घड्याळातलं माणिक स्वस्त झालं ते तिथून.

संशोधकाने यातून काय घ्यायचं?

‘ज्वेल’ हा एकच शब्द दोन गोष्टी मोजतो. डायलभोवतीचे खडे दागिन्याची किंमत सांगतात. आतले खडे यंत्राची रचना सांगतात. वाचताना आधी विचारा: इथे कुठला अर्थ आहे?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोक ज्वेल्सचा आकडा बघून घड्याळ घेतात हे कळल्यावर काही कंपन्यांनी जिथे घर्षणच नाही तिथेही खडे बसवले. १०० ज्वेल्सची घड्याळंसुद्धा निघाली! शेवटी कामाचे खडे आणि बिनकामाचे खडे वेगळे ओळखण्यासाठी आयएसओ १११२ हे मानक करावं लागलं. म्हणजे आकडा खरा होता, पण तो गुणवत्ता दाखवायचा थांबला होता.

पीएचडीला आलात की असेच आकडे समोर येतील: किती पेपर, किती सायटेशन, किती नमुने. तुमच्या आराखड्यातला प्रत्येक आकडा घ्या आणि वरच्या यादीसारखं त्याच्यापुढे त्याचं काम लिहा. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही, तो खडा काढून टाका. गाईडने विचारण्याआधी हे केलेलं बरं.

२०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. पण घरात ‘सुजाता’ असेल तर विकायची घाई करू नका. चांगल्या घड्याळजीकडून साफ करून, तेल घालून घ्या. त्या १७ खड्यांची किंमत घड्याळ चालू असेपर्यंतच आहे.