घरातला धंदा, करातली वजावट

६०० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरात १२० चौरस फुटांची खोली फक्त केकच्या ऑर्डरींसाठी वापरत असाल, तर भाड्याचा पाचवा हिस्सा धंद्याच्या खर्चात धरता येतो. घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं लावता येत नाही. वीजबिलाचा वाटा मात्र मिळतो. ओव्हनवर १५ टक्के, कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिलीत, तर तो खर्च सहसा नामंजूर होतो.

अनुमानित कराची पद्धत (उलाढालीच्या किमान ८ टक्के, डिजिटल जमेवर ६ टक्के नफा) सोपी खरी, पण तिच्यात यातली एकही वजावट वेगळी मिळत नाही. खर्च मोठा असेल तर ती महाग पडते. निवड करण्याआधी वर्षभराची बिलं सीएला दाखवाच.