विधेयक, कायदा आणि अफवा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘प्रमाणविचार वगैरे ठीक आहे, पण आमच्या व्हॉट्सॲपला त्याचा काय उपयोग?’ प्रश्न रास्त आहे. आज २०१९ च्या शस्त्र दुरुस्ती विधेयकाचं उदाहरण घेऊन त्याचं उत्तर शोधू. यात आमचीही एक चूक आहे, तीही सांगून टाकतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार एका परवानाधारकाला तेव्हा तीन बंदुका बाळगता येत. २९ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं आणि त्यात तीनाऐवजी एकच असा प्रस्ताव होता. झालं, संदेश फिरू लागले. ‘सरकार बंदुका जप्त करणार.’ ‘आज एक, उद्या एकही नाही.’ ‘वडिलोपार्जित बंदुकीला मात्र सूट आहे.’

कोकणात आमच्या नात्यातले एक वयस्कर शेतकरी आहेत. रानडुकरांपासून शेत राखायला त्यांच्याकडे परवान्याच्या दोन बंदुका, एक स्वतःची आणि एक वडिलांची जुनी दुनळी. त्यांनी फोन करून विचारलं, ‘भाऊ, खरं काय ते तुम्हीच सांगा.’ आम्ही वर्तमानपत्र वाचलं होतं. सांगितलं, ‘हो, खरं आहे, एकच ठेवता येणार.’ त्यांनी घाबरून चार दिवसांत दुनळी दुकानदाराला मातीमोलाने देऊन टाकली.

पुढे काय झालं? ९ डिसेंबरला लोकसभेने विधेयक मंजूर केलं ते एकाऐवजी दोन अशी दुरुस्ती करून. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने मंजुरी दिली, १३ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणजे आमच्या नातेवाइकांना दोन्ही बंदुका ठेवता आल्या असत्या.

आता बघा, आम्ही खोटं बोललो का? नाही. विधेयकात ‘एक’च होतं. पण आम्ही प्रस्तावाला कायदा म्हटलं. शिवाय मूळ विधेयकातही जादा शस्त्र जमा करायला एक वर्षाची मुदत होती, ती आम्ही वाचलीच नव्हती. अर्धवट सत्य आमच्यासारख्याच्या तोंडून गेलं की त्याला अफवेपेक्षा जास्त वजन येतं.

म्हणून अशा प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, कलमात काय लिहिलंय? ‘वडिलोपार्जित बंदुकीला सूट’ हे वाक्य इथेच गळून पडतं. वारसाने परवाना देतानाही संख्येची मर्यादा ओलांडायची नाही, असं विधेयकातच म्हटलं होतं. तसंच ‘परवाना असला की लग्नात हवेत बार काढायला हरकत नाही’ हेही. निष्काळजीपणे आनंदाचा गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद या दुरुस्तीने आली.

दुसरा प्रश्न, हे कोणत्या तारखेचं आहे? विधेयक मांडलं जातं, चर्चेला येतं, बदलतं, मंजूर होतं, संमती मिळते, मग अंमल सुरू होतो. तारीख नसलेलं विधान विधेयकाच्या बाबतीत अपुरं असतं. नोव्हेंबरचं सत्य डिसेंबरमध्ये असत्य झालं, ते याच क्रमात.

तिसरा प्रश्न, हे वाक्य माहिती देतंय की भाकीत करतंय? ‘आज एक, उद्या एकही नाही’ हे कुठल्याच कलमात सापडणार नाही, आणि कलम दाखवून ते खोडताही येणार नाही. ती भीती आहे. भीती बाळगायचा माणसाला अधिकार आहे, पण तिने बातमीचे कपडे घालू नयेत. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे हं. ‘या कायद्याने गोळीबार थांबणार’ हेसुद्धा भाकीतच.

न्यायदर्शनात शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन. आणि आप्त कोण? ज्याला गोष्ट नीट ठाऊक आहे आणि जी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. मराठीत मात्र आपण आप्त म्हणजे नातेवाईक असं धरून बसलो. घरच्या ग्रुपवर आलं, काकांनी पाठवलं, प्राध्यापकांनी सांगितलं, की झालं प्रमाण! आमची इच्छा चांगली होती, ज्ञान अपुरं होतं. त्या दिवशी आम्ही नात्याने आप्त होतो, न्यायाच्या अर्थाने नव्हतो.

‘आम्ही अजून पूर्ण वाचलेलं नाही, चार दिवस थांबा’ एवढंच म्हणायला हवं होतं. ती दुनळी काही परत आली नाही. त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नाही, पण गावी गेलो की भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे आमची नजर जातेच.