वाचनालयातून काय न्यावे?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील वाटांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर व ट्रक यांची रीघ लागते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतील गावेच्या गावे उसाच्या तोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेपायी ठेवलेली काही मुले. याच गावांतील वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांपुढे, अनुदानाचा हप्ता हाती पडताच, कोणते ग्रंथ विकत घ्यावेत हा प्रश्न उभा राहतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असावा, असे आजवर फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. आमच्या मते तो संबंध आहे व फार निकटचा आहे. म्हणूनच आज हा विषय हाती घेत आहो.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्या कचेरीत आली. नवराबायकोने मिळून एक कोयता उचलला होता. हंगामभर राबूनही मुकादमाच्या वहीत त्यांच्याकडेच बाकी निघत होती. आम्ही तिला हिशेब मागण्याचा तिचा हक्क समजावून सांगितला, आणि उचलीच्या पायी माणसास काम सोडून जाण्याची मोकळीकच उरत नसेल तर वेठबिगारी नष्ट करणारा १९७६ चा कायदा काय म्हणतो, तेही सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले व विचारले, "वकीलसाहेब, हे समदं कुठं पुस्तकात लिवलेलं असतं का? आमच्या गावात वाचनालय हाय." पुढे कामानिमित्त त्या गावी जाण्याचा योग आला तेव्हा मुद्दाम ते वाचनालय पाहिले. दारास कुलूप होते, किल्ली चिटणिसांच्या घरी होती आणि चिटणीस परगावी होते. संध्याकाळी दार उघडले तेव्हा आत कादंबऱ्या होत्या, पोथ्या होत्या, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके होती आणि एका कोपऱ्यात सुतळीने बांधलेले, अद्याप न सोडलेले पुस्तकांचे गठ्ठे होते. बाईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या खोलीत कोठेही नव्हते.

ज्या जिल्ह्यात ही खोली आहे तो जिल्हा ग्रंथांस परका नाही. मुकुंदराजाचा 'विवेकसिंधु' हा मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक; त्याची समाधी अंबाजोगाईस आहे. त्याच अंबाजोगाईत दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय लांबच लांब पासोडीवर लिहून काढला. या दोघांनीही मनोरंजनासाठी नव्हे, तर गहन विषय सामान्य जनांच्या भाषेत यावा म्हणून लेखणी धरली होती. विषयज्ञान देणारा गंभीर ग्रंथ हा आपल्या लोकांचा नव्हे, असे जे म्हणतात त्यांनी प्रथम या भूमीचा इतिहास पाहावा.

आता कायद्याची स्थिती पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. या कायद्यान्वये मान्यता पावलेल्या वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार सरकारी अनुदान मिळते. ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर बसविण्याची तरतूद काही राज्यांच्या कायद्यांत आहे तशी आपल्या कायद्यात नाही. यामुळे वाचनालयांचे जीवन अनुदानाच्या हप्त्यावर टांगलेले असते. २०१२ साली सरकारने महसूल खात्याकरवी तपासणी करविली, तेव्हा काही वाचनालये केवळ कागदावरच नांदत असल्याचे उघडकीस आले. दोष दोहों बाजूंस आहे: अनुदान अपुरे, हे खरे, आणि जे मिळते त्यातून संख्या भरून काढण्यापुरती, भरघोस सुटीच्या भावाने मिळणारी पुस्तके वजनावारी घेतली जातात, हेही तितकेच खरे. परंतु अनुदान हे लोकांच्या करातून येते. सबब वाचनालय ही मंडळाची खाजगी मिळकत नसून मंडळ हे केवळ विश्वस्त आहे, आणि कपाटात काय असावे हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक वाचकास आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतील पहिलाच असा की ग्रंथ हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात. सुतळीत बांधलेला गठ्ठा हा या पहिल्याच नियमाचा भंग होय.

मागावे तरी काय, असा प्रश्न साहजिकच येईल. आम्ही येथे थोड्याच ग्रंथांची नावे घेतो. काही अलीकडचे आहेत, काही जुने आहेत. परंतु जो ग्रंथ आपल्या गावात कधी आलाच नाही तो त्या गावास नवाच.

पहिला विषय पाण्याचा. बीड शहरात सोळाव्या शतकातील खजाना विहीर आहे. माजलगावास सिंदफणेवर व धनेगावास मांजरेवर मोठी धरणे आहेत. आणि तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे याच जिल्ह्यात आहेत. धरण बांधले म्हणजे पाणी मिळाले, ही समजूत ज्यास तपासून पाहावयाची असेल त्याने प्रदीप पुरंदरे यांचे 'पाण्याशप्पथ' न्यावे. जलव्यवस्थापनाचे शिक्षण देण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा अधिकारी पुरुषाचे हे लेखन आहे. १९७६ सालचा पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला खरा, पण त्याखालील नियम दशकानुदशके झालेच नाहीत, याकडे पुरंदरे सतत लक्ष वेधीत आले आहेत. नियमांवाचून कायदा म्हणजे पात्यावाचून कोयता, हे आम्हां वकिलांस वेगळे सांगावयास नको. परंतु कालव्याच्या शेवटी ज्याचे शेत आहे त्यास ते कळले पाहिजे. त्याच्या जोडीस पी. साईनाथ यांच्या १९९६ सालच्या इंग्रजी ग्रंथाचे मराठी भाषांतर, 'दुष्काळ आवडे सर्वांना', ठेवावे. देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत हिंडून केलेल्या त्या वृत्तकथनात बीडच्या वाचकास आपल्याच गावाची ओळख पटेल.

दुसरा विषय शेतीचा. भानू काळे यांचे 'अंगारवाटा' हे शरद जोशींचे चरित्र २०१६ साली निघाले. स्वित्झर्लंडातील आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून आलेला, चाकणचे कांदा आंदोलन उभारणारा हा गृहस्थ कसा घडला, हे समजून घेण्यास हा ग्रंथ उत्तम साधन आहे. चरित्रनायकाविषयी लेखकास आदर असूनही ग्रंथ स्तुतिपाठ झालेला नाही. त्याच परंपरेतील अंबाजोगाईचे अमर हबीब यांची शेतकरीविरोधी कायद्यांवरील पुस्तिका आकाराने लहान, पण वाद उभा करणारी आहे. जमीनधारणेची कमाल मर्यादा, आवश्यक वस्तू व भूसंपादन हे तीन कायदे शेतकऱ्याच्या गळ्यातील फास होत, असा त्यांचा पक्ष आहे; आणि घटनेच्या नवव्या परिशिष्टामुळे न्यायालयाचे दार बंद झाले, ही त्यांची तक्रार आहे. आम्ही त्यांच्याशी सर्वस्वी सहमत नाही. कमाल मर्यादेच्या कायद्याने काही भूमिहीनांस जमीन मिळाली, ही बाजूही तोलली पाहिजे. आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने कोएल्हो प्रकरणात, २४ एप्रिल १९७३ नंतर त्या परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील असा निर्णय दिला, हेही विसरता येत नाही. परंतु ज्या पुस्तकाशी वाद घालावासा वाटतो तेच पुस्तक वाचनालयात असावे. चावडीवरच्या भांडणापेक्षा पुस्तकाशी केलेले भांडण केव्हाही श्रेयस्कर.

तिसरा विषय स्त्रियांचा, आणि येथे आम्ही थोडे थांबणार आहो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी सरकारी समितीने केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सहा स्त्रियांमागे एक! एक दिवस कामावर न गेल्यास खाडा पडतो, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, दुखणे अंगावर काढावे लागते आणि शेवटी कोणीतरी पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला देतो. या सल्ल्यास "का?" असा प्रश्न विचारण्यापुरते ज्ञान जिच्याजवळ आहे ती कदाचित वाचेल. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात शेकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकी काही ना काही विकार आढळला, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ च होत्या. ग्रामीण स्त्रियांच्या या मूक दुखण्यांविषयी डॉ. राणी बंग यांनी 'कानोसा' या पुस्तकात मराठीत लिहिले आहे. ते पुस्तक बीड जिल्ह्यातील प्रत्येक वाचनालयात असावे, आणि ते कपाटात कुलूपबंद न राहता मागणाऱ्या स्त्रीच्या हाती निःसंकोच पडावे. अंबाजोगाईच्या 'मानवलोक' संस्थेत ज्यांनी आयुष्य वेचले त्या शैला लोहिया यांचे 'भूमी आणि स्त्री' हेही त्याच फळीवर हवे. महाराष्ट्राने १९९४ साली कन्येस वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर आला. तरी हक्कसोड पत्रावर बहिणीचा अंगठा घेण्याची रीत चालूच आहे. कायद्याने दिलेले रूढी परत घेते. त्यावर वाचनाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

चौथा विषय गावाच्या कारभाराचा. मिलिंद बोकील यांची 'गोष्ट मेंढा गावाची' ही गडचिरोलीतील एका लहान गोंड गावाची खरीखुरी हकीकत आहे. सर्वांच्या संमतीनेच निर्णय घेणाऱ्या या गावाने २००६ च्या वनाधिकार कायद्याचा आधार घेऊन २००९ साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला. आमच्या जिल्ह्यात तसे जंगल नाही. पण ग्रामसभा प्रत्येक गावी आहे, आणि ती कागदावरच भरते हे सर्वांस ठाऊक आहे.

शेवटी इतिहास. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. अंबाजोगाईच्या शाळेत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ १९३८ साली सत्याग्रहात उतरले. त्यांच्या आठवणी, अनंत भालेराव यांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' आणि नरहर कुरुंदकर यांचे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन', हे तीन ग्रंथ एकत्र वाचावेत. दरवर्षी १७ सप्टेंबरास ध्वजवंदन करून घरी जाणाऱ्या तरुणास, आपले आजे-पणजे कशासाठी तुरुंगात गेले हे त्यांवाचून कळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, लोकांस असले जड ग्रंथ नको असतात. त्यांस कादंबरी द्या, मुलांस परीक्षेची पुस्तके द्या. कादंबरीशी आमचे वैर नाही, आणि नोकरीसाठी धडपडणाऱ्या तरुणाची अभ्यासिका बंद करा असेही आम्ही म्हणत नाही. परंतु जे कधी वाढलेच नाही ते ताटात नको असते, हे कोणत्या पुराव्यावर ठरविले? ती बाई सातवीपर्यंत शिकलेली होती आणि तिने कादंबरी मागितली नव्हती. दुसरा आक्षेप असा, की आता सारे मोबाईलवर मिळते. मिळते खरे, पण तेथे खरे कोणते व खोटे कोणते हे निवडण्याची बुद्धी ज्या सवयीतून येते, ती सवय सलग ग्रंथ वाचण्याचीच आहे.

तस्मात् आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. वाचनालयाने मागणीवही ठेवावी व खरेदीपूर्वी ती मंडळापुढे वाचून दाखवावी. वाचनालय संध्याकाळी, मजुरीवरून माणसे परतल्यावर, उघडे असावे. आठवड्यातील एक वेळ स्त्रियांसाठी राखावी. आणि शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची: जेव्हा गावच सहा महिने परगावी जाते, तेव्हा वाचनालयानेही त्याच्याबरोबर जावे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डेन या तज्ज्ञास बोलावून राज्यात ग्रंथालये उभारली आणि खेड्यापाड्यांत फिरत्या ग्रंथपेट्या पाठविल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' ही पेट्यांचीच योजना यशस्वी करून दाखविली. जी पेटी समुद्रापलीकडच्या मराठी माणसापर्यंत पोचू शकते ती कारखान्याच्या तळावरील कोप्यांपर्यंत का पोचू नये? पंचवीस-तीस पुस्तकांची एक लोखंडी पेटी, टोळीतील वाचता येणारी एक मुलगी तिची राखणदार, आणि हंगाम संपताच पेटी परत. एखाददुसरे पुस्तक हरवेल, एखाद्यावर चुलीचा धूर बसेल. हरवलेले पुस्तक निदान कोणाच्या तरी हाती पडलेले असते. गठ्ठ्यातील पुस्तकाच्या नशिबी तेही नाही.

आम्ही त्या बाईस 'कानोसा' आणि एक लहानशी कायद्याची पुस्तिका आमच्या संग्रहातून दिली. दिवाळीपूर्वी तिची टोळी निघाली तेव्हा दोन्ही पुस्तके परत करावयास ती आली नाही. याचा आम्हांस यत्किंचितही विषाद वाटला नाही. मात्र एका वकिलाच्या खाजगी कपाटावर जे काम आले ते गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे होते, हे वाचनालयांच्या मंडळांनी लक्षात घ्यावे. आणि वाचकांनी, उद्याच आपल्या वाचनालयात जाऊन, वरीलपैकी एका तरी ग्रंथाचे नाव मागणीवहीत लिहावे. वही नसेल तर प्रथम वही मागावी.